जुगाराचे वकीलपत्र

१९५० च्या दशकात न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे भाव तारेने मुंबईत येत. तिकडे बाजार कोणत्या भावाने उघडला आणि कोणत्या भावाने बंद झाला, हे कापसाच्या व्यापाऱ्याला कळणे गरजेचे होते. पण गिरणगावातले हजारो लोक त्या भावातल्या आकड्यांवर पैसे लावत, आणि त्यांतल्या बहुतेकांना कापसाची गाठ विकायची नव्हती की घ्यायची नव्हती. ते साच्यावर उभे राहणारे कामगार होते, हमाल होते, फेरीवाले होते. पुढे १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला हे भाव येणे बंद झाले. मग कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांच्या अड्ड्यांवर चिठ्ठ्या आणि पत्ते ओढून आकडा काढला जाऊ लागला आणि धंद्याला मटका हे नाव पडले. कापूस गेला, पण 'ओपन' आणि 'क्लोज' हे त्याच बाजाराचे शब्द आकडा लावणाऱ्याच्या तोंडी आजही आहेत.

मटक्याला बुकी होते, पंटर होते, हप्ते घेणारे होते. त्याची बाजू सरकारदरबारी मांडणारे कार्यालय मात्र कधी नव्हते. अमेरिकेत जुगाराला असे कार्यालय आहे. राजधानी वॉशिंग्टनमध्ये त्याचे बिऱ्हाड आहे, त्याला अध्यक्ष आहे, आचारसंहिता आहे, दर तिमाहीला निघणारा आकड्यांचा अहवाल आहे. त्याचे नाव अमेरिकन गेमिंग असोसिएशन. नावात जुगार हा शब्द नाही, हे पहिल्यांदा लक्षात घ्यावे. इंग्रजीत जुगाराला रोखठोक 'गॅम्बलिंग' हा शब्द आहे. नेवाडातल्या कॅसिनोवाल्यांनी आणि तिथल्या कायद्याने 'गेमिंग' हा सौम्य शब्द आधीच रुळवला होता. या संस्थेने तो देशाच्या राजधानीत नेला. तिचे तीस वर्षांचे काम एका वाक्यात सांगायचे तर ते शब्दांचे काम आहे. कशाला जुगार म्हणायचे, कशाला खेळ, कशाला करमणूक, आणि हे कोणी ठरवायचे, याचे.

संस्थेचा जन्म एका कराच्या भीतीतून झाला. १९९४ मध्ये बिल क्लिंटन यांच्या सरकारने कल्याणकारी योजनांच्या खर्चासाठी जुगाराच्या एकूण उत्पन्नावर चार टक्के केंद्रीय कर लावण्याचा विचार मांडला. तोपर्यंत कॅसिनोमालक आपापल्या राज्यापुरते सावध असत. नेवाडा आणि न्यू जर्सी ही दोन जुनी ठाणी, तीही एकमेकांची स्पर्धक. कराची बातमी आली तेव्हा त्यांच्या लक्षात आले की वॉशिंग्टनमध्ये आपले असे कोणीच नाही. तो कर बारगळला, पण धडा राहिला. १९९५ मध्ये संस्था सुरू झाली आणि अध्यक्ष म्हणून आणला गेला फ्रँक फॅरेनकॉफ. हा नेवाडातला वकील. १९८३ ते १९८९ तो रिपब्लिकन पक्षाचा राष्ट्रीय अध्यक्ष होता, आणि राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारांचे वादविवाद भरवणाऱ्या आयोगाचा सहसंस्थापकही. दोन्ही पक्षांतल्या लोकांना नावाने हाक मारू शकणारा माणूस जुगाराच्या धंद्याने निवडला. तो २०१३ पर्यंत त्या खुर्चीवर होता. त्याच्यानंतर जेफ फ्रीमन आले आणि २०१९ पासून बिल मिलर आहेत.

अशी संस्था दिवसभर काय करते? पैशांनी भरलेल्या पेट्या पोचवणे हे तिचे काम नव्हे. तिचा दिवस बराचसा कारकुनी असतो. कोणत्या विधेयकाच्या कोणत्या कलमात कोणता शब्द आहे ते पाहणे, खासदारांच्या सहायकांना भेटणे, साक्षीला माणूस पाठवणे, न्यायालयात निवेदन देणे, लास वेगासला दरवर्षी यंत्रांचे मोठे प्रदर्शन भरवणे. आणि मुख्य म्हणजे आकडे पुरवणे. पत्रकाराला, आमदाराला, संशोधकाला अमेरिकेतल्या जुगाराचा आकडा हवा असेल तर बहुतेक वेळा तो याच संस्थेकडून जातो. हे आकडे खोटे नसतात, राज्यांच्या नियामकांकडून गोळा केलेले असतात. २०२४ मध्ये व्यापारी जुगाराचा महसूल सुमारे ७२ अब्ज डॉलर होता. त्यात खेळांवरच्या पैजांचे सुमारे पावणेचौदा अब्ज आणि ऑनलाइन कॅसिनोचे आठ अब्जांहून जास्त. ऑनलाइन कॅसिनोला तेव्हा फक्त सात राज्यांत परवानगी होती, तरीही.

या आकड्यापाशी थोडे थांबायला हवे. कापडाच्या दुकानाचा महसूल म्हणजे गिऱ्हाइकाने कापड घेऊन दिलेला पैसा. जुगारातला महसूल वेगळा. लोकांनी लावलेल्या पैशातून जिंकणाऱ्यांना दिलेला पैसा वजा केला की उरतो तो महसूल. म्हणजे हरलेल्यांनी गमावलेल्या रकमेतून जिंकलेल्यांची कमाई वजा जाता जे राहते ते. ७२ अब्ज डॉलर महसूल याचा अर्थ सगळ्या गिऱ्हाइकांनी मिळून ७२ अब्ज डॉलर घालवले. संस्थेच्या पत्रकात हा आकडा दरवर्षीच्या विक्रमाची बातमी म्हणून येतो. वाचणाऱ्याने तो उलट्या बाजूनेही वाचायला शिकावे, असे मला मनापासून वाटते.

इंटरनेटवरच्या जुगाराशी या संस्थेचे नाते सुरुवातीला सरळ वैराचे होते. १९९० च्या दशकात बेटांवरच्या छोट्या देशांचे परवाने घेऊन संकेतस्थळे निघाली. त्यांनी १९९६ मध्ये इंटरॅक्टिव्ह गेमिंग कौन्सिल ही आपली वेगळी संघटना काढली आणि मिझुरीच्या स्यू श्नायडर तिच्या प्रमुख होत्या. आम्हाला बंदी नको, नियम लावा, कर घ्या, असे ही मंडळी सांगत. कोणी ऐकले नाही. अँटिग्वाहून फोन आणि इंटरनेटवर पैजा घेणारा जे कोहेन नावाचा अमेरिकन मायदेशी खटल्याला सामोरा गेला, २००० मध्ये दोषी ठरला आणि त्याला एकवीस महिन्यांची शिक्षा झाली. १९६१ चा जुना तारेचा कायदा त्याला लागू केला होता. अमेरिकेतले कॅसिनोमालक तेव्हा बंदीच्या बाजूला होते. गिऱ्हाईक घरबसल्या खेळले तर हॉटेलच्या खोल्या कोण घेणार, हा त्यांचा साधा हिशेब.

२००६ मध्ये बंदरांच्या सुरक्षेच्या कायद्याला जोडून बेकायदा ऑनलाइन जुगाराचे पैसे वळते करण्यावर बंदी आली. १५ एप्रिल २०११ रोजी न्यूयॉर्कच्या सरकारी वकिलांनी तीन मोठ्या पोकर कंपन्यांवर खटले भरले. तेव्हा तिथले प्रमुख वकील होते पंजाबात जन्मलेले प्रीत भरारा. खेळणारे त्या दिवसाला आजही काळा शुक्रवार म्हणतात. मैदान मोकळे झाले, आणि आपल्याकडची मंडळीच ऑनलाइन उतरली तर काय हरकत, असा विचार कॅसिनोंच्या घरात बळावला. संस्था विरोधाकडून तटस्थतेकडे आणि तिथून ऑनलाइन पोकरच्या पाठिंब्याकडे सरकली. मग घरातच भांडण लागले. लास वेगास सँड्सचे मालक शेल्डन ॲडेलसन ऑनलाइन जुगाराचे कट्टर विरोधक. त्यांनी बंदीसाठी स्वतःची आघाडी उभी केली. सीझर्स आणि एमजीएम या कॅसिनो कंपन्या विरुद्ध बाजूला. २०१४ मध्ये संस्थेने या विषयावर मौन पत्करले. व्यापारी संघटनेचे हे मर्म आहे. सभासदांचे एकमत असेल तिथेच तिला आवाज असतो.

एकमत झाले ते खेळांवरच्या पैजांवर. १९९२ च्या कायद्याने नेवाडा आणि मोजके अपवाद सोडून राज्यांना अशा पैजांना परवानगी देण्यास मनाई होती. न्यू जर्सीने त्याला आव्हान दिले. संस्थेने न्यायालयात पाठिंब्याचे निवेदन दिले आणि अमेरिकन लोक दरवर्षी १५० अब्ज डॉलर बेकायदा पैजांवर लावतात, हा आकडा जाईल तिथे सांगितला. चोरट्या धंद्याची अशी मोजदाद अंदाजावरच चालते. पण आकडा लोकांच्या मनात बसला. १४ मे २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला. महिनाभरात न्यू जर्सीच्या मॉनमथ पार्क रेसकोर्सवर राज्यपाल फिल मर्फी यांनी राज्यातली पहिली पैज लावली. आज मिझुरी धरून ३९ राज्यांत हे चालते, आणि त्यातला फार मोठा भाग फोनवर. न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या मराठी घरातला कॉलेजातला मुलगा बास्केटबॉलचा सामना पाहतो तेव्हा त्याच्या हातातल्या फोनवर क्षणाक्षणाला भाव बदलत असतो.

हे यंत्र आतून कसे चालते ते पाहू. दोन बरोबरीचे संघ आहेत. शंभर डॉलर जिंकण्यासाठी ११० लावावे लागतात. एकाने या बाजूला ११० लावले, दुसऱ्याने त्या बाजूला. कंपनीकडे २२० आले. जिंकणाऱ्याला त्याचे ११० आणि वर १०० असे २१० गेले. कंपनीला दहा उरले, शेकड्याला साडेचार. हे फार नाही. म्हणून कंपन्या जोडपैज पुढे करतात. हा संघ जिंकेल, आणि तो खेळाडू इतके गुण करेल, आणि आणखी दोन गोष्टी घडतील, असे चारही बरोबर आले तरच पैसे. प्रत्येक गोष्टीची शक्यता निम्मी आणि एकीचा दुसरीशी संबंध नाही असे धरले, तर चारही जमण्याची शक्यता सोळात एक. म्हणजे न्यायाने डॉलरला सोळा मिळायला हवेत. वरच्याच भावाने मिळतात सव्वातेरा. शेकड्याला साडेचारचा वाटा सतरावर गेला. जाहिरातीत तुम्हाला साधी पैज क्वचित दिसेल, जोडपैज मात्र कायम दिसते, त्याचे कारण एवढेच.

जाहिरातींवरून संस्थेला श्रेय द्यावे असे एक काम सांगतो. सुरुवातीची काही वर्षे कंपन्या 'बिनधोक पैज' देत. पहिली पैज हरलात तर पैसे परत. परत मिळे ती रोख रक्कम नसे, पुन्हा पैज लावण्यापुरतीच ती चाले. घरी काहीच नेता येत नसे. २०२३ च्या मार्चमध्ये संस्थेने आपल्या आचारसंहितेत 'बिनधोक' हा शब्द वापरायला मनाई केली आणि विद्यापीठांशी जाहिरातीचे करार करू नयेत असेही सांगितले. हा बदल चांगला होता. पण त्यामागे राज्यांच्या नियामकांचा रेटा होता, हेही तितकेच खरे. आणि आचारसंहिता म्हणजे कायदा नव्हे. सिनेटर ब्लुमेंथल आणि खासदार पॉल टोंको यांनी २०२४ मध्ये जाहिरातींच्या वेळा, क्रेडिट कार्डाने पैसे भरणे, दिवसभरातल्या भरण्यांची संख्या यांवर केंद्रीय मर्यादा घालणारे विधेयक आणले, तेव्हा याच संस्थेने विरोध केला. नियम राज्यांनी करावेत, केंद्राने नको, ही तिची कायमची भूमिका आहे. तोपर्यंत, ऑनलाइन पैजा सुरू झालेल्या राज्यांत दिवाळखोरी वाढल्याचे अर्थशास्त्रज्ञांचे अभ्यास प्रसिद्ध झाले होते. जुगाराच्या व्यसनावरच्या उपचारांसाठी अमेरिकेत स्वतंत्र केंद्रीय निधी नाही. हरणाऱ्याचे वकीलपत्र घेतलेली, इतक्याच ताकदीची संस्था वॉशिंग्टनमध्ये नाही.

मग २०२५ उजाडले आणि शब्दांचा खेळ संस्थेवरच उलटला. काल्शी नावाच्या कंपनीने सामन्यांच्या निकालांवर 'करार' विकायला सुरुवात केली. हा संघ जिंकेल या कराराची किंमत समजा ६० सेंट. जिंकला तर डॉलर मिळेल, हरला तर काही नाही. कंपनीचे म्हणणे असे की ही पैज नव्हे, वायदेबाजारातला व्यवहार आहे. देखरेख वायदेबाजाराच्या केंद्रीय आयोगाची. त्यामुळे राज्याचा परवाना नको, राज्याचा जुगारकर नको, आणि मतदारांनी २०२२ मध्ये ऑनलाइन पैजा प्रचंड बहुमताने नाकारलेल्या कॅलिफोर्नियातही व्यवहार चालू. संस्था खवळली. नाव काहीही द्या, हा जुगारच आहे, असे तिने ठामपणे सांगितले. माझ्या मते या बाबतीत तिचे म्हणणे पूर्ण बरोबर आहे. पण तिच्या दोन सर्वांत मोठ्या ऑनलाइन सभासदांना, फॅनड्युएल आणि ड्राफ्टकिंग्जला, याच नव्या बाजारात उतरायचे होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये दोघेही संस्थेतून बाहेर पडले.

आपल्याकडे याच वर्षी नेमकी उलटी गोष्ट घडली. ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा दोन दिवसांत मंजूर केला. ऑल इंडिया गेमिंग फेडरेशनसह तीन व्यापारी संघटनांनी गृहमंत्री अमित शहा यांना पत्र लिहिले. दोन लाख नोकऱ्या जातील, कर बुडेल, लोक परदेशी बेकायदा संकेतस्थळांकडे वळतील. मुद्दे वॉशिंग्टनमध्ये ऐकू येतात तेच, क्रमही जवळपास तोच. या संघटनांची सारी मदार 'कौशल्याचा खेळ' या शब्दांवर होती. नव्या कायद्याने कौशल्य की नशीब हा भेदच काढून टाकला, आणि मुंबईच्या ड्रीम इलेव्हनने पैशांच्या स्पर्धा बंद केल्या. सरसकट बंदीने जुगार थांबतो असे मटक्याचा इतिहास सांगत नाही. म्हणून मी या कायद्यावर खूश होऊ शकत नाही. पण शब्द कोणाच्या ताब्यात राहावा, धंद्याच्या की संसदेच्या, या प्रश्नाला त्याने दिलेले उत्तर योग्य आहे.

ज्या न्यूयॉर्क कापूस बाजाराच्या भावावर गिरणगाव आकडा लावत असे, तो बाजार पुढे न्यूयॉर्क बोर्ड ऑफ ट्रेडमध्ये विलीन झाला. ते बोर्ड २००७ मध्ये इंटरकॉन्टिनेंटल एक्स्चेंज या कंपनीने विकत घेतले, आणि कापसाचे वायदे आजही तिच्याच मंचावर होतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये याच कंपनीने काल्शीसारख्याच पॉलिमार्केट या भाकितांच्या बाजारात दोन अब्ज डॉलरपर्यंत पैसे गुंतवण्याची घोषणा केली.