झाकण आड, माणूस नजरेसमोर

पौडपासून ताम्हिणी घाटापर्यंतच्या मुळशी परिसरात शेतघरे बांधून राहणाऱ्या निवृत्त दांपत्यांची संख्या वाढत आहे. अशा काही घरांच्या ओसरीबाहेर अलीकडे ‘हॉट टब’ दिसू लागला आहे. अनेकदा तो परदेशी असलेल्या मुलांनी आई-वडिलांच्या गुडघेदुखीसाठी हौसेने बसवून दिलेला असतो. टबासोबत एक अवजड झाकण येते आणि आठवडाभरातच घरात प्रश्न उभा राहतो : टब वापरताना हे धूड ठेवायचे कुठे? भिंतीला टेकवले तर अंगण विद्रूप दिसते, कठड्याला लावले तर धरणाच्या जलाशयाचे दृश्य अडते, वाटेत ठेवले तर येणारा-जाणारा अडखळतो.

प्रश्न वरवर सजावटीचा वाटतो. परंतु ज्या घरात साठी-सत्तरीची माणसे राहतात, तेथे या झाकणाची जागा कंबर, हाडे, श्वास आणि प्रसंगी जीव यांच्याशी निगडित असते. म्हणूनच या अंकात त्याविषयी सविस्तर लिहीत आहे.

मूळ हेतू उपचाराचा

टबातील गरम पाण्याच्या झोतांचा उगम चैनीत नाही. इटलीहून अमेरिकेत स्थायिक झालेल्या जकूझी कुटुंबातील एका लहान मुलाला संधिवात होता. त्याच्यासाठी वडिलांनी घरच्या टबात बसवता येईल असा पंप तयार केला आणि १९५६ मध्ये तो बाजारात आला. आजही आखडलेले सांधे आणि दुखरे स्नायू यांना कोमट पाण्यात आराम मिळतो, हे खरे आहे. मात्र उपचारासाठी आणलेल्या वस्तूनेच कंबर धरली, असे होऊ नये.

झाकणाच्या आत जाड फोम असतो आणि बाहेरून रेक्झिनसारखे आवरण. मध्यभागी बिजागरीसारखी घडी असते. नव्या झाकणाचे वजन साधारणतः वीस-पंचवीस किलोपासून पुढे असते. आवरणाला चीर पडली की फोम वाफ शोषतो आणि वजन दुपटीवर जाऊ शकते. वाकून, कंबरेतून वळून, ओल्या फरशीवर एकट्याने असे ओझे उचलणे म्हणजे मणक्यावर सर्वाधिक ताण देणारी हालचाल होय. हाडे ठिसूळ झालेल्या स्त्रियांत एवढ्या ताणानेही मणका दबू शकतो. म्हणून पहिला नियम असा : साठीपुढच्या व्यक्तीने झाकण एकट्याने उचलू नये, जागाही अशी निवडावी की उचलावेच लागू नये.

चार जागा

पहिली आणि सर्वांत सोयीची जागा टबाच्या मागची. टबाला दोन्ही बाजूंनी धातूचे दांडे जोडून झाकण मागे कलंडवण्याची सोय बाजारात मिळते. घडी घातलेले झाकण ढकलले की ते मागे उभे राहते. त्यासाठी टब आणि भिंत यांत साधारण दीड ते दोन फुटांची मोकळी जागा लागते. मागच्या बाजूस बांबूच्या कामट्यांची जाळी उभारून तिच्यावर जाई किंवा मधुमालती चढवली, तर रस्त्यावरून झाकण दिसतही नाही. उभे झाकण वाऱ्यात शिडासारखे फुगते, त्यामुळे दांडे पक्के असावेत आणि सोसाट्याचा वारा असताना ते उघडूच नये.

दुसरी जागा बाजूच्या बुटक्या फळीची. टबाच्या काठापेक्षा किंचित कमी उंचीचा, फटी ठेवलेल्या लाकडी पट्ट्यांचा ओटा केला, तर झाकण उचलण्याऐवजी सरकवता येते. एरवी त्यावर कुंड्या ठेवता येतात. मात्र घडी घातलेल्या झाकणावर कोणी बसू नये. आतला फोम मोडतो आणि बसणारा घसरतो.

तिसरी जागा भिंतीवरच्या मजबूत आडव्या दांड्यांची. यात जागा सर्वांत कमी जाते, परंतु झाकण तेथवर न्यायला दोन धडधाकट माणसे लागतात. घरी कायम मदतनीस असेल, तरच हा पर्याय निवडावा.

चौथी जागा कोठीघराची. पुष्कळांना ती सर्वांत नीटनेटकी वाटते, पण रोजच्या वापरासाठी ती सर्वांत वाईट. लांब वाहून नेण्याचा कंटाळा येतो आणि दोन दिवसांत झाकण दाराशी, नेमके पायात येईल असे पडून राहते.

दृष्टी अडवू नका

झाकण लपवण्याच्या नादात एक गोष्ट हमखास विसरली जाते. उभे केलेले झाकण आणि त्याभोवतीचा आडोसा टबातल्या माणसालाही घरापासून लपवतात. गरम पाण्यात त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात आणि रक्तदाब उतरतो. रक्तदाबाच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांत तो अधिक उतरतो. उठून उभे राहताना घेरी येते आणि तोल जातो. त्या क्षणी स्वयंपाकघराच्या खिडकीतून कोणाला तरी ते दिसले पाहिजे.

जागा ठरवताना एक साधी चाचणी करावी. झाकण ठरलेल्या जागी उभे करून एकाने टबात बसावे आणि दुसऱ्याने घरात नेहमी जेथे वावर असतो तेथून पाहावे. बसलेल्याचा चेहरा दिसला पाहिजे. आडोसा रस्त्याच्या बाजूस असावा, घराच्या बाजूस नसावा. तसेच टबाच्या पायऱ्या, धरायचा कठडा आणि घरापर्यंतची वाट ही तीन ठिकाणे पूर्ण मोकळी हवीत. झाकणाचा दांडा आधारासाठी धरू नये, तो हलतो. आधाराचा कठडा वेगळा व जमिनीत पक्का बसवलेला असावा.

मुळशीचा पाऊस आणि पाहुणे

ताम्हिणीचा परिसर राज्यातील अतिपावसाच्या प्रदेशांपैकी एक आहे. येथे जमिनीवर आडवे टाकलेले झाकण चार दिवसांत खालून बुरशी धरते. दम्याच्या किंवा फुप्फुसांच्या जुन्या विकाराच्या रुग्णांना ही बुरशी त्रासदायक ठरते. आठवड्यातून एकदा सौम्य साबणाच्या पाण्याने झाकण दोन्ही बाजूंनी पुसून वाळवावे. पुसणाऱ्याने नाकातोंडावर मास्क बांधावा.

झाकणाच्या घडीत किंवा खोलगट भागात साचलेले थोडेसे पाणीही डेंग्यूच्या डासाला पुरते. अंड्यापासून डास होण्यास साधारण आठ-दहा दिवस लागतात. आठवड्याच्या सफाईने हे चक्र तुटते.

जमिनीलगतची अंधारी, उबदार फट सापांना आणि विंचवांनाही आवडते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही विषारी साप पुणे जिल्ह्यात आढळतात. म्हणून झाकण जमिनीपासून निदान फूटभर उंच असावे, खाली पालापाचोळा साचू देऊ नये आणि संध्याकाळनंतर विजेरीने पाहिल्याशिवाय त्याखाली हात घालू नये. दंश झालाच तर चिरा देणे, आवळून बांधणे यांत वेळ घालवू नये. रुग्णाला शांत झोपवून, दंश झालेला हातपाय न हलवता १०८ क्रमांकावर फोन करून तातडीने रुग्णालय गाठावे.

झाकणाची खरी जागा

झाकण बाजूला असते ते केवळ अर्धा तास. उरलेल्या वेळी त्याची जागा टबावरच. तेथे ते पट्ट्यांनी आणि कुलपाने बंद असावे. सुट्टीत आलेली नातवंडे आणि विस्मृतीचा आजार असलेले आजी-आजोबा या दोघांनाही उघड्या पाण्याचा धोका सारखाच असतो. सैल झाकणावर पाय पडला, तर मूल आत जाते आणि झाकण पुन्हा वर येते. बाहेरून काहीच कळत नाही. किल्ली घरातील एका जबाबदार व्यक्तीकडे असावी. हाच नियम अंगणातल्या हौदाला आणि जमिनीखालच्या टाकीलाही लागू आहे.

झाकण बंद म्हणजे पाणी शुद्ध, असे मात्र समजू नये. कोमट पाण्यात लिजिओनेला हे जिवाणू वाढतात आणि तुषारांवाटे फुप्फुसांत जातात. १९९९ मध्ये नेदरलँड्समधील एका पुष्पप्रदर्शनात केवळ दाखवण्यासाठी सुरू ठेवलेल्या अशाच टबामुळे अनेकांना न्यूमोनिया होऊन मृत्यू ओढवले. मोकळ्या क्लोरीनचे प्रमाण दहा लाख भागांत किमान ३ भाग असावे. औषधाची जादा मात्रा टाकल्यावर झाकण काही वेळ उघडे ठेवावे आणि त्या वाफेपासून दूर राहावे.

तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर नको. वृद्धांना ३७-३८ अंश पुरे. दहा-पंधरा मिनिटांहून अधिक बसू नये. हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब, मधुमेहामुळे पायांची गेलेली संवेदना किंवा उघडी जखम असल्यास आपल्या डॉक्टरांना विचारल्याखेरीज टबात उतरू नये.

या रविवारी टबापाशी एकदा उभे राहून पाहावे : झाकण कोण हलवते, ते कोणत्या वाटेने जाते, जमिनीपासून किती उंच राहते आणि घरातून टबातला माणूस दिसतो का. या चारांपैकी एकाचेही उत्तर समाधानकारक नसेल, तर पुढच्या अंघोळीपूर्वी झाकणाची जागा बदलावी.