पित्ताच्या गोळीने कोलेस्टेरॉल वाढतं का? आधी हे समजून घ्या

छातीत जळजळ, आंबट-करपट ढेकर, रात्री घशाशी येणारं पाणी. हा त्रास आता घरोघरी आहे. मेडिकलमधून पित्ताच्या गोळ्यांचं पाकीट आणायचं आणि रोज सकाळी एक घ्यायची, असं कित्येकांचं वर्षानुवर्षं चालू आहे. त्यातच रक्ताच्या तपासणीत कोलेस्टेरॉल जास्त निघालं की शंका येते, हे त्या गोळीमुळे तर झालं नाही ना?

गोळी नेमकं काय करते?

पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल, रॅबेप्राझोल या गोळ्या जठरात आम्ल तयार करणारे सूक्ष्म 'पंप' बंद करतात. आम्ल कमी झालं की जळजळ थांबते. कोलेस्टेरॉल मात्र मुख्यतः यकृतात तयार होतं. त्यामुळे गोळी घेतली म्हणून थेट कोलेस्टेरॉल वाढलं, असं ठामपणे सिद्ध झालेलं नाही.

गोंधळ शब्दाचाही आहे. आपण ज्याला 'पित्त झालं' म्हणतो ते बहुतेक वेळा जठरातलं आम्ल असतं. खरं पित्त यकृतात बनतं आणि त्यासाठी कोलेस्टेरॉल वापरलं जातं. या गोळ्या त्या पित्तावर काम करत नाहीत.

मग काळजी कुठे घ्यायची?

थेट नाही, पण आडवाटेने संबंध येऊ शकतो.

1. कोलेस्टेरॉलची गोळी आणि पातळ औषध : अ‍ॅसिडिटीच्या पातळ औषधात बहुधा अ‍ॅल्युमिनियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. रोसुव्हास्टॅटिन ही कोलेस्टेरॉलची गोळी त्याच्यासोबतच घेतली तर ती शरीरात जवळपास निम्मीच शोषली जाते. म्हणून आधी गोळी घ्या आणि पातळ औषध किमान 2 तासांनी घ्या.

2. थायरॉईडची गोळी : थायरॉक्सिन नीट शोषलं जायला जठरात आम्ल लागतं. रोजच्या पित्ताच्या गोळीने आम्ल घटलं की थायरॉक्सिन कमी लागू पडू शकतं. थायरॉईड मंदावला की कोलेस्टेरॉल वाढतं. दोन्ही गोळ्या चालू असतील तर टीएसएच तपासून घ्या. डोस डॉक्टरच ठरवतील.

3. हृदयाचे रुग्ण : स्टेंट टाकलेल्यांना रक्त गोठू नये म्हणून अनेकदा क्लोपिडोग्रेल दिली जाते. ओमेप्राझोल आणि इसोमेप्राझोल या गोळ्या तिचा परिणाम कमी करतात. याचा कोलेस्टेरॉलशी संबंध नाही, पण धोका मोठा आहे. पित्ताची कोणती गोळी चालेल ते डॉक्टरांनाच विचारा, दुकानातून मनाने घेऊ नका.

वर्षानुवर्षं घेतली तर?

साध्या जळजळीसाठी या गोळ्यांचा कोर्स साधारण 4 ते 8 आठवड्यांचा असतो. त्यापुढे चालू ठेवायची की नाही, हे डॉक्टरांनी तपासून ठरवायचं असतं. फार काळ घेतल्यास बी-12 आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकतं, हाडं ठिसूळ होण्याचा धोकाही सांगितला जातो. मात्र बरेच दिवस घेतलेली गोळी एकदम सोडली तर जळजळ उलट जोरात उसळू शकते. म्हणून ती सल्ल्याने हळूहळू कमी करायची. अंगदुखीसाठी नेहमी पेनकिलर घेणाऱ्यांना पोटातली जखम टाळायला ही गोळी दिलेली असते, त्यांनी तर परस्पर बंद करूच नये. कोलेस्टेरॉलची गोळीही मनाने सोडू नका.

घरच्या घरी काय करता येईल?

- झोपण्याच्या 2-3 तास आधी जेवा, जेवल्याबरोबर आडवं होऊ नका.
- खाटेच्या डोक्याकडच्या दोन पायांखाली विटा ठेवून ती बाजू सहा इंच उंच करा.
- तंबाखू, बिडी, दारू सोडा. तळलेलं कमी करा, वजन आटोक्यात ठेवा. यानं जळजळ कमी होते आणि कोलेस्टेरॉललाही फायदा होतो.

हे मात्र विसरू नका

छातीतली प्रत्येक जळजळ पित्ताची नसते. छातीत दाब, दरदरून घाम, धाप, दुखणं हातात किंवा जबड्यात जाणं, अशी लक्षणं दिसली तर सोडा पिऊन वाट पाहत बसू नका, लगेच 108 ला फोन करा. गिळायला त्रास होणं, काळी शौच, रक्ताची उलटी किंवा विनाकारण वजन घटणं असेल तरी दवाखाना गाठा.

डॉक्टरांकडे जाताना घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून न्या. बीपी, शुगर, थायरॉईड, पित्त, सगळी. कोणती गोळी कोणत्या गोळीच्या आड येते, हे ती समोर असली तरच त्यांना कळेल.