दिव्याच्या वायरवर गिझर

जुन्या घरात गिझर बसवायचा ठरला की पहिली अडचण वायरची येते. मीटरपासून बाथरूमपर्यंत नवी वायर ओढायची तर भिंत फोडा, टाइल्स काढा. अशा वेळी कोणाची तरी नजर माळ्यावरच्या, कित्येक वर्षे बंद पडलेल्या दिव्याच्या पॉइंटकडे जाते. वीज तिथवर आलेलीच आहे, मग तीच का घेऊ नये? वायर पाहून वायरमनही कधी कधी सांगतो, ‘दीडची आहे, चालेल.’

हे उत्तर निम्मे खरे आहे आणि त्यातच धोका आहे.

दीडची म्हणजे दीड चौरस मिलिमीटर काटछेदाची तांब्याची वायर. २३० व्होल्टवर ६० वॉटचा जुना बल्ब साधारण पाव अँपिअर प्रवाह घेतो. २००० वॉटचा गिझर घेतो ८.७ अँपिअर, म्हणजे तेहतीस पटींहून जास्त. पण वायरमधली उष्णता तेहतीस पटींवर थांबत नाही. ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे इथे अकराशे पट होते. हा नियम जेम्स जूल या इंग्रज संशोधकाने १८४१ मध्ये मांडला. मद्याच्या कारखानदाराच्या या मुलाने तारेची गुंडाळी पाण्यात बुडवून, तिच्यातून प्रवाह सोडून पाणी किती तापते ते थर्मामीटरने मोजले होते. गिझर आजही नेमके हेच करतो.

अकराशे पट हा आकडा भीती घालतो, म्हणून हिशेब पुरा करून पाहू. या वायरचा रोध किलोमीटरमागे सुमारे १२ ओहम असतो. बोर्डापासून गिझर १५ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन ३० मीटर वायर लागते आणि रोध होतो ०.३६ ओहम. गिझर चालू असताना या सगळ्या लांबीत मिळून २७ वॉट उष्णता तयार होते. मीटरमागे एक वॉटसुद्धा नाही. साधे पीव्हीसीचे आवरण ७० अंश सेल्सिअसपर्यंत टिकेल असे बनवलेले असते. नळीत वायरींची गर्दी नसेल तर एवढ्याने त्याला काही होत नाही. इथपर्यंत वायरमनचे म्हणणे बरोबर.

घात होतो तो सांध्यात. दिव्याचा पॉइंट काही एकसंध वायरवर नसतो. या बोर्डातून त्या बोर्डात, तिथून सिलिंग रोजमध्ये, वाटेत कुठे पिळून चिकटपट्टी गुंडाळलेला जोड, असा प्रवाहाचा मार्ग असतो. न्यूट्रल तर अनेकदा दोन खोल्यांमधून फिरून आलेला असतो. यातला एखादा स्क्रू सैल झाला आणि तिथे अर्धा ओहम रोध तयार झाला असे समजू. बल्ब लावला होता तेव्हा त्या जागी ०.०३ वॉट उष्णता निघत होती. वीस वर्षे कोणाला पत्ताही लागला नसता. त्याच सांध्यातून गिझरचा प्रवाह गेला की ३८ वॉट निघतात, तेही हरभऱ्याएवढ्या जागेत. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचे सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचे असते आणि ते कथील वितळवते. तापलेल्या तांब्यावर ऑक्साइडचा थर चढतो, आकुंचन-प्रसरणाने स्क्रू आणखी ढिला होतो, रोध वाढतो आणि उष्णता त्याहून वाढते. दिवा वर्षानुवर्षे नीट लागत होता, एवढ्यावरून तो सांधा गिझर पेलेल असे म्हणता येत नाही.

इथे एमसीबी आपल्याला वाचवत नाही, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. एमसीबी प्रवाह पाहतो, सैल सांधा पाहत नाही. उलट सांध्याच्या रोधामुळे प्रवाह किंचित कमीच होतो. शिवाय दिव्यांच्या सर्किटवर बहुधा ६ अँपिअरचा एमसीबी असतो. घरगुती एमसीबीच्या मानकानुसार क्षमतेच्या १.४५ पट प्रवाह असला तर तो तासाभरात पडलाच पाहिजे. ६ ला १.४५ ने गुणले की ८.७ येतात, नेमका गिझरचा प्रवाह. म्हणून एकाची आंघोळ सुखाने होते आणि पाठोपाठ तिघांच्या झाल्या की एमसीबी पडतो. मग ‘एमसीबी खराब झाला’ म्हणून तिथे १६ चा बसवला जातो. तो जवळजवळ २३ अँपिअर तासभर वाहू देऊ शकतो. एमसीबी असतो वायरच्या रक्षणासाठी, आणि इथे वायर तीच राहिली, रक्षक तेवढा काढून घेतला. दिव्याचे बटणही ६ अँपिअरचेच असते, ते कोणाच्या लक्षात येत नाही.

आणि अर्थिंग? जुन्या दिव्याच्या पॉइंटला फेज आणि न्यूट्रल अशा दोनच वायरी असतात. गिझर म्हणजे पाण्याने भरलेली धातूची टाकी. तिला अर्थिंग हवेच. काही ठिकाणी सॉकेटमध्ये न्यूट्रललाच अर्थची पिन जोडून वेळ मारून नेतात. असे कधीही करू देऊ नका. वाटेत न्यूट्रल तुटला तर गिझरच्या धातूच्या भागांवर थेट २३० व्होल्ट येतात आणि खाली माणूस ओल्या अंगाने उभा असतो.

जुन्या पॉइंटचा चांगला उपयोग करायचा तर हलक्या कामाला करावा. ६० वॉटच्या बल्बच्या जागी आता ९ वॉटचा एलईडी लागतो. त्या वायरीवर वाय-फायचा राउटर, दारावरचा कॅमेरा, छोटा एक्झॉस्ट पंखा बिनधास्त चालेल. फक्त सांधे एकदा उघडून घट्ट करून घ्यावेत. पंख्याच्या पॉइंटवर नवा बीएलडीसी पंखा लावताना मात्र जुना रेग्युलेटर मधून काढून टाकावा. या पंख्यातल्या इलेक्ट्रॉनिक सर्किटला पूर्ण व्होल्टेज लागते आणि वेग ते स्वतःच ठरवते.

गिझरसाठीही दर वेळी भिंत फोडावी लागतेच असे नाही. जुनी वायर भिंतीतल्या नळीतून आलेली असेल आणि नळीत जागा असेल, तर मेन स्विच बंद करून त्या वायरच्याच टोकाला अडीचच्या दोन वायरी आणि हिरवी अर्थची वायर बांधतात. एक जण पलीकडून जुनी वायर ओढतो, दुसरा अलीकडून नव्या वायरी सारतो. फेज आणि न्यूट्रल मेन बोर्डापासून गिझरच्या १६ अँपिअरच्या सॉकेटपर्यंत सलग, मध्ये एकही जोड न देता येतात.