ताम्रपट आणि संगणक

नागपूरजवळ रामटेकच्या परिसरांत नगरधन नांवाचें गांव आहे. प्राचीन काळीं तेंच नन्दिवर्धन, वाकाटकांची राजधानी. पांचव्या शतकांत तेथून राणी प्रभावतीगुप्तेनें दिलेला ताम्रपट पुढें पुण्यास उपलब्ध झाला आणि आज तो वाचतां येतो. नागपूरचे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनीं वाकाटकांचे लेख संपादून १९६३ सालीं प्रसिद्ध केले. लेख टिकण्यास मजबूत तांबें हवें, तसेंच त्यावरील अक्षरांची ओळखहि हवी. अशोकाचे शिलालेख डोळ्यांसमोर असूनहि शतकानुशतकें मुके होते. १८३७ सालीं जेम्स प्रिन्सेपनें ब्राह्मी उलगडली, तेव्हां ते बोलूं लागले.

संगणकांतील मजकुराचेंहि असेंच आहे. संगणक अक्षरें सांठवीत नाहीं, आंकडे सांठवितो. कोणता आंकडा म्हणजे कोणतें अक्षर, हें ठरविणारी सारणी हीच त्याची लिपी होय. मराठी टंकलेखन संगणकावर आलें, तेव्हां फाँट बनविणाऱ्यांनीं आपापल्या सोयीनें सारण्या रचल्या. ‘कृतिदेव’ फाँटांत ‘क’ हें अक्षर रोमन ‘डी’च्या जागीं बसविलेलें आहे. असा लेख तो फाँट नसलेल्या संगणकावर उघडला कीं रोमन अक्षरांची निरर्थक रांग दिसते. एखाद्या घरांतील आजोबांच्या आठवणी अशा रीतीनें आंकड्यांत शाबूत राहूनहि नातवंडांस परक्या होतात.

यावर उपाय म्हणून जगांतील लिप्यांसाठीं ‘युनिकोड’ ही सामाईक सारणी १९९१ सालीं प्रथम प्रसिद्ध झाली. तींत ‘क’चा आंकडा २३२५ हा आहे, मग फाँट कोणताहि असो. जुने लेख या सारणींत उतरवून घेणें हें जतनाचें पहिलें काम. तें करतांना मूळ प्रतहि राखावी, कारण रूपांतरांत जोडाक्षरें बिघडण्याचा संभव असतो.

दुसरें काम साधनांचें. फ्लॉपीवरील चुंबकीय नोंद कालांतरानें क्षीण होते, आणि ती वाचणारें यंत्रहि बाजारांतून नाहींसें होतें. म्हणून एकाच लेखाच्या दोन-तीन प्रती निरनिराळ्या साधनांवर ठेवाव्या, त्यांतील एक दुसऱ्या गांवीं असावी, आणि साधन जुनें होण्यापूर्वीं मजकूर नव्यावर उतरवावा. प्रत्येक प्रत अधूनमधून उघडून पाहावी.

ताम्रपट जमिनींत पुरला गेला तरी शतकें टिकत असे. संगणकांतील लेखाकडे मात्र प्रत्येक पिढीला लक्ष द्यावें लागेल.