वाळवंटातली दाढी 🪒

पुण्याजवळची दिघी म्हणजे फौजींचा परिसर. इथल्या एखाद्या माजी सैनिकाला राजस्थानातल्या दाढीबद्दल विचाराच!

तिथल्या फलोदीत मे २०१६ मध्ये पारा ५१ अंशांवर गेला होता. तरी शीख जवानांसारखे अपवाद वगळता सैन्यात दाढी रोजची. शिस्त तर आहेच, शिवाय गॅस मास्क गुळगुळीत गालावरच घट्ट बसतो.

मगभर पाण्यातली पद्धत:
✅ आधी वाळू धुवा, नाहीतर ब्लेडखाली कातडी खरचटते.
✅ ओला रुमाल दोन-तीन मिनिटं गालावर ठेवा. केस पाणी पिऊन मऊ होतात.
✅ केसांच्या दिशेने हलका हात.
✅ ओलसर त्वचेवरच खोबरेल तेलाचा थेंब.
❌ अल्कोहोलचं आफ्टरशेव्ह नको, त्वचा आणखी कोरडी पडते.

आपल्या उन्हाळ्यातही करून बघा, फरक जाणवेल.