शीर पुन्हा भरते ती घाईने

भीमजयंतीचे कबड्डी सामने ठरले की वस्तीतली पोरे सरावाला लागतात. दिवसभर परभणीच्या मोंढ्यात पोती उचलणारा मुलगा संध्याकाळी चढाईला जातो आणि मांडीमागची शीर भरते. आठ दिवसांनी दुखणे थांबते, तो पुन्हा उतरतो आणि तीच शीर पुन्हा भरते. खेळ जातो, रोजही बुडतो.

दुखणे थांबले म्हणजे स्नायू बरा झाला असे नाही. फाटलेल्या जागी भरून आलेला भाग काही आठवडे कच्चाच असतो.

पहिले दोन-तीन दिवस चोळू नये, शेकू नये. फडक्यात गुंडाळलेला बर्फ १०-१५ मिनिटे, दिवसातून तीन-चारदा लावावा. मग सावकाश चालावे. दुखणे ओसरल्यावर गुडघे टेकून ताठ राहावे, मित्राने घोटे दाबून धरावेत आणि धड हळूहळू पुढे झुकवावे. सुरुवातीला पाच वेळा, आठवड्यातून दोनदा. पूर्ण वेगाने धावताना दुखले नाही, तरच चढाई करावी. मांडी काळीनिळी पडली, पाय टेकवेना, तर मात्र तडक जिल्हा रुग्णालय गाठावे.

सोण भिक्खूने चंक्रमण करून करून तळपाय रक्ताळले होते. तो पूर्वी वीणा वाजवीत असे. म्हणून भगवान बुद्धांनी त्याला वीणेचाच दाखला दिला: तार फार ताणली तरी सूर लागत नाही, सैल सोडली तरी नाही.

मातापित्यांनो, घरी बसलेल्या मुलाला आळशी म्हणू नका. खेळाडू मित्रांनो, यंदाचा एक सामना सोडा. पुढची दहा वर्षे खेळाल.