नदीच्या उलट वाटेने (लेखांक 4) : चढाचा हिशेब

गेल्या आठवड्यात होडी निवडून झाली. आता वाट आणि वेळ ठरवू. आपली नदी आहे अमेरिकेच्या मेन राज्यातली अलागाश. 1966 साली राज्याने तिचा सुमारे 148 किलोमीटरचा जंगलपट्टा राखीव केला. बहुतेक जण तो वरून खाली उतरतात. आपण उलटे जाणार आहोत : अलागाश गावातून निघून अलागाश धबधब्याच्या पायथ्यापर्यंत, साधारण 20 किलोमीटर.

इथे अंतराला फारसा अर्थ नाही, हिशेब ओढीचा करायचा. संथ पाण्यात आपण तासाला 6 किलोमीटर वल्हवतो असं धरू. समोरून 4 ची ओढ असेल, तर पदरात 2 पडतात; म्हणजे 10 तास. ओढ 5 झाली की तेच अंतर 20 तासांचं होतं. म्हणून नदीच्या मधोमध जायचंच नाही. काठाला आणि वळणाच्या आतल्या बाजूला पाणी मंद असतं, मोठ्या दगडामागे तर ते उलटं फिरतं. एका दगडाच्या आडोशातून दुसऱ्याच्या आडोशात, असं टप्प्याटप्प्याने चढायचं. उथळ जागी वल्हं ठेवून साडेतीन मीटरची काठी तळाला रोवायची आणि होडी रेटायची. आपल्या खाडीतले नावाडी बांबूने रेटतात, तशीच. सामान किंचित मागे सरकवायचं. नाक जड झालं की प्रवाह ते धरतो आणि होडी आडवी फिरवतो.

महिना मेचा. त्याआधी वरच्या तलावांवर बर्फ असू शकतो, आणि पुढे काळ्या माश्या जीव नकोसा करतात. मात्र मेमधलं पाणी नुकतंच वितळलेलं असतं. त्यात पडल्यावर पहिलं 1 मिनिट श्वास आवरण्यात जातं. पुढची जेमतेम 10 मिनिटं हातपाय ऐकतात. त्यामुळे लाइफ जॅकेट होडीत ठेवायचं नाही, अंगात घालायचं. कोरडे लोकरी कपडे जलरोधक पिशवीत बांधायचे.

मुक्कामाला पोचलात की पाण्याच्या कडेला खाचा पाडलेली एक काठी रोवा. सकाळी दोन खाचा बुडालेल्या दिसल्या, तर पाणी चढतंय. त्या दिवशी पुढे जायचं नाही. चढावर चार दिवसांचा शिधा घ्या, त्यातला एक दिवस अशा थांबण्यासाठी राखा.

एवढे कष्ट कशासाठी? वरून येणाऱ्याला सुमारे 12 मीटरच्या त्या धबधब्याआधी वेळीच काठ गाठावा लागतो. आपल्याला तो खालून भेटतो. आधी कानावर येतो, मग दिसतो, आणि तो आपल्याला ओढून नेऊ शकत नाही. वाटेतला प्रत्येक दगड चढताना हाताखालून गेलेला असतो, म्हणून परतताना तो ओळखीचा असतो. शिवाय गाडी निघाल्या जागीच उभी असते.

पुढच्या आठवड्यात : दोरीने होडी ओढून नेण्याची रीत.